मळखातं

मी कपडे मळवायचे. बावीस वर्षं हाच धंदा केला. सिनेमाच्या युनिटमध्ये माझ्या कामाला काहीतरी भारदस्त परकं नाव होतं, पण सगळे मला ‘मळखातं’ म्हणायचे, आणि तेही तोंडावर. “मळखात्याला बोलवा” असं ऐकू आलं की मी समजायचे, कुणालातरी गरीब करायचंय.

हसू नका, सोपं नसतं ते. नवाकोरा सदरा घ्यायचा, काचकागदाने कोपरं घासायची, खिशाच्या कडा किसणीवर खरवडायच्या, मग तो चहाच्या पाण्यात उकळायचा, वाळला की मानेशी आणि काखेत राख न् तेल चोळायचं. घामाचा डाग कुठून वाळत येतो, पोर कडेवर घेणाऱ्या बाईचा झगा कुठल्या बाजूला विरतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. चिखल फासला की झाला मळ, असं समजणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. तसा मला बऱ्याच गोष्टींचा येतो.

बाहेरच्या कंपन्या आमच्याकडे वरचेवर यायच्या. ऊन भरपूर, गल्ल्या जुन्या, आणि गर्दीला माणसं हवी तेवढी. त्यांच्या सिनेमात आम्ही एक तर धावत असतो, नाही तर रडत असतो, नाही तर हात पसरून उभे असतो. तिन्ही वेळेला कपडे मळकेच. मी त्यावर कधी डोकं चालवलं नाही. आपलं काम चोख करायचं आणि घरी यायचं, बस्स.

आईला मात्र मी नेमकं काय करते ते कधी सांगितलं नाही. “सिनेमाच्या कपड्यांचं बघते,” एवढंच. माझी आई तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात होती. रक्तापुवाच्या चादरी तिने पांढऱ्याशुभ्र करून दिल्या आणि त्याच चादरींच्या जिवावर मी शिकले. तिला काय सांगणार होते, की बाई गं, तू जन्मभर जे काढत आलीस ते मी परत घालते?

त्या वेळी आलेली कंपनी साधीसुधी नव्हती. ज्यांनी आमच्यावर राज्य केलं आणि माझ्या आजोबांच्या म्हातारपणी एकदाचे गेले, त्यांच्या देशातली होती. सिनेमा त्यांच्याच एका डॉक्टरवर होता. गोष्ट अशी, की त्यांच्या राजवटीत साथ येते, आमची माणसं पटापट मरतात, आणि कारण काय तर आम्ही हात धूत नाही. मग हा देखणा डॉक्टर जीपमधून उतरतो, एका म्हातारीचे मळके हात स्वतःच्या हातांत घेतो, घमेल्यात साबण लावून धुतो, आणि सगळी गल्ली तोंड उघडं टाकून बघते. मग व्हायोलिनं वाजतात आणि साथ जाते.

कपड्यांच्या प्रमुख त्यांच्याकडच्याच होत्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. साठीच्या, शांत, हाताखालच्या माणसाला कधी टाकून बोलणार नाहीत अशा. कपडा उन्हात कसा विटवायचा ते मला त्यांनीच शिकवलं होतं. या वेळी आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं. “हा माझा शेवटचा सिनेमा,” त्या म्हणाल्या. “कंपनीचा पुढचा सिनेमाही इथेच आहे. त्याची प्रमुख तू. मी बोलून ठेवलंय.”

आमच्या शहरातलं कुणीही आजवर कुठल्या खात्याचं प्रमुख झालं नव्हतं. सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात ना, त्यात आम्ही ‘स्थानिक मदत’ या दोन शब्दांत सगळे मावायचो. मला ते काम हवं होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू? जीव टाकावा इतकं हवं होतं.

आणि कंपनीने गल्ली निवडली ती नेमकी आमची. मी जिथे वाढले ती, आई अजून राहते ती. पन्नास गल्ल्या पाहून दिग्दर्शकाने आमच्या कोपऱ्यावर उभं राहून “अस्सल आहे” असं सांगितलं म्हणे. गर्दीसाठी गल्लीतलीच चाळीस माणसं घेतली. ज्या म्हातारीचे हात धुवायचे ती काही केल्या सापडेना. शेवटी दिग्दर्शक चालता चालता एका दारापुढे थबकला. दारात माझी आई टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. “हाच चेहरा,” तो म्हणाला.

“मला करायचं काय?” आईने विचारलं.

“काही नाही. फक्त हात पुढे करायचे.”

त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी टेप काढला आणि झग्यासाठी तिचं माप घेतलं.

पहिल्या दिवशी सकाळी सगळे आले ते कसे, तर भांग काढून, ठेवणीतले इस्त्रीचे कपडे घालून. सिनेमात दिसायचं म्हणजे काय थट्टा आहे? कोपऱ्यावरच्या शाळेचे दोन वर्ग आम्हाला मिळाले होते. तिथे मी एकेकाला त्या चांगल्या कपड्यांतून बाहेर काढून माझ्या मळात घातलं. आमचे मास्तर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेले, त्यांनी आपला सदरा घडी करून माझ्या हातात दिला आणि सुरकुती पडू देऊ नकोस म्हणून दोनदा बजावलं. शिंपीणकाकूंनी अंगातल्या झग्याच्या कोपराच्या भोकातून बोट बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. आईने मी दिलेला झगा नाकाशी नेला. कुठलाही कपडा ती आधी हुंगते. मग तिने तो चढवला.

त्या दिवशी फक्त लांबचा शॉट झाला. जीप येते आणि गल्ली उभी राहून बघते, एवढाच. दुपारी शाळेला तिचे वर्ग परत हवे होते, म्हणून ठरलं की लोकांनी सिनेमाच्याच कपड्यांत घरी जायचं आणि उद्या तसंच यायचं. मी स्वतः खुर्चीवर उभी राहून सांगितलं, “आहेत तसेच घालून या. धुऊ नका, शिवू नका, हात म्हणून लावू नका.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी युनिटच्या मुक्कामाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत वळले आणि जागच्या जागी थांबले.

आईसकट एक्केचाळीस माणसं रांगेत उभी होती, आणि एकेकाचे कपडे असे लखलखीत की डोळे दिपावेत. कॉलरी ताठ. तुटकी बटणं जागेवर. मी अर्धा अर्धा दिवस बसून पाडलेल्या भोकांवर शिंपीणकाकूंनी असे रफू मारले होते की भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. मास्तरांच्या सदऱ्याला खळीचा वास येत होता. आईच्या झग्याचा मूळचा निळा रंग मी तीन उकळ्यांच्या चहाखाली गाडला होता, तो वर आला होता.

“काकू, मी काल काय सांगितलं होतं?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“ऐकलं की,” शिंपीणकाकू म्हणाल्या. “पण तू तसं म्हणणारच गं. शेजारणीने ‘राहू द्या’ म्हटलं म्हणून कुणी तिचं भांडं खरकटंच परत करतं का? दुसऱ्याचा कपडा परत करायचा तो धुऊनच करायचा.”

आता यांना काय सांगू आणि कसं सांगू? मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आईने माझा दंड धरून मला दाराआड नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, “तुझी लाज राखली बघ. एवढी मोठी कंपनी आणि कपड्यांची काय ती दशा! साहेबाने जवळून पाहिलं असतं तर खापर तुझ्याच डोक्यावर फुटलं असतं. कपड्यांचं तूच बघतेस ना? मी दारोदार जाऊन सांगितलं, बाबांनो, माझ्या पोरीचं काम जाईल, हात लावा. एकानेही नाही म्हटलं नाही. मास्तर तर स्वतः पाणी वाहत होते.”

मी तिच्या झग्याची बाही उलटून पाहिली.

“डाग मात्र चिवट होते,” आई पुढे म्हणाली. “तेलात राख कालवून मुरवल्यासारखे. तेहेतीस वर्षांत असले पाहिले नव्हते. ज्या कुणी पाडले तो माणूस कसबी होता.”

आयुष्यात माझ्या कामाची इतकी खरी तारीफ कुणी केली नाही, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “आई,” मी म्हटलं, “ते मीच पाडले.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“मुद्दाम?”

“तेच माझं काम आहे. पहिल्यापासून.”

“बावीस वर्षं?”

“हो.”

ती भिंतीला टेकली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण तिने अगदी साधेपणाने विचारलं, “का पण?”

“गरीब दिसायला हवं म्हणून.”

“आम्ही गरीबच आहोत की.”

“हो.”

“मग?”

बाही कुठे विरते, गुडघा कुठे फाटतो, असलंच काहीतरी मी सांगायला लागले.  आई मधेच म्हणाली, “दोनच जोड असतात ना ज्याच्याकडे, तो एक रोज धुतो. मी नाही का तुझा शाळेचा फ्रॉक रोज संध्याकाळी धुवायचे? वर्गात तुला कुणी मळकी म्हटलं होतं कधी?”

नव्हतं म्हटलं. एकदाही नाही.

तोवर बाहेर बोंब उठली होती. आदल्या दिवशीच्या शॉटशी आजचं सगळं जुळतंय का ते बघणारी बाई कालचे फोटो हातात घेऊन रांगेपुढून इकडून तिकडे पळत होती. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. रस्ता आम्हाला बारापर्यंतच बंद करून मिळाला होता, आणि हिरोचं विमान दुपारचं होतं. तो पुन्हा येणार नव्हता. दिग्दर्शक केसांत हात खुपसून माझ्यापुढे आला. माणूस दुष्ट नव्हता. आम्हाला बघून जगाचे डोळे भरून यावेत असं त्याला मनापासून वाटायचं, आणि त्यासाठी आम्ही मळकंच असायला हवं याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

“किती वेळ लागेल?” त्याने विचारलं.

“दोन दिवस,” मी म्हटलं. ते खरंच होतं. “तासाभरात करते म्हणाल तर करते. पण फासलेला मळ कॅमेऱ्यात कळेल.”

माझ्या कामावर त्याचा विश्वास होता. त्याने डोळे मिटून हिशेब केला. “ठीक. गर्दी मागे धूसर ठेवू. मला फक्त म्हातारीचे हात हवेत. हात काळे करा, नखांत मळ भरा. नाही तर हा धुणार काय?”

मोठ्या बाईंनी स्वतः काजळी आणि तेल वाटीत कालवून माझ्या हातात दिलं. “एवढं कर,” त्या हळूच म्हणाल्या. “पुढचं ठरलंय ना आपलं?”

आईला घमेल्याजवळ स्टुलावर बसवलं होतं. मी वाटी घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि आपणहून दोन्ही हात पुढे केले.

“लाव,” ती म्हणाली. “तुझं काम आहे ना, लाव. मी संध्याकाळी धुऊन टाकीन.”

तिचे हात मी काही पहिल्यांदा बघत नव्हते. पण इतके निरखून कधी पाहिले नव्हते. नखं पांढरीफेक. सोड्याने बोटांवरच्या रेषासुद्धा खाऊन टाकलेल्या. ओळखपत्राच्या वेळी यंत्राला तिचा अंगठा सापडेना म्हणून त्या कारकुनाने तिला तीनदा परत पाठवलं होतं. या हातांना मी मळ लावायचा, आणि मग एका नटाने तो धुऊन तिला स्वच्छता शिकवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिग्दर्शकाचा राग आला, व्हायोलिनांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

मी उठले आणि वाटी गटारात पालथी केली.

त्यांची भाषा मला येते, व्याकरण जरा लंगडतं एवढंच. त्याच लंगड्या भाषेत मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “या बाईने दवाखान्याच्या चादरी तेहेतीस वर्षं धुतल्या आहेत. हिच्या हातांना मी मळ लावणार नाही. आणि दुसरं कुणी लावायला आलं तर माझ्याशी गाठ आहे.”

“विचार कर,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पुढचा सिनेमा...”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “गेला.”

दिग्दर्शकाने मेकअपवाल्याकडे पाहिलं. मेकअपवाला आमच्यातलाच. त्याने ब्रश खिशात घातला आणि आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असा वर बघत राहिला. तोवर आईच्या मागे हळूहळू सगळी गल्ली गोळा झाली होती.  शिंपीणकाकूंनी बाह्या वर सारल्या.

घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. दिग्दर्शकाने एकदा घड्याळ पाहिलं, एकदा आईला पाहिलं, आणि थकल्या आवाजात म्हणाला, “घ्या शॉट.”

जीप आली. हिरो उतरला. त्याच्या गालांवर, मनगटांवर, बोटांवर धूळ होती. हिरो कष्टाळू दिसावा म्हणून चाळलेली माती त्याला सकाळी मीच लावली होती. तो ठरल्याप्रमाणे आईपुढे बसला, तिचे हात त्याने हातांत घेतले आणि तिथेच अडकला. धुवायला तिथे काही नव्हतंच. गडी नट चांगला होता, त्याने चेहरा सोडला नाही, पण पुढे काय करायचं ते त्याला सुचेना.

आईने त्याचे हात उलटे करून पाहिले. जिभेने च्च केलं. मग घमेल्याच्या कडेची साबणाची वडी उचलली आणि आमच्या भाषेत, आमच्या घरात बोलावं तशी त्याला म्हणाली, “अरे बाबा, आधी डॉक्टरने हात धुवायचे असतात. मग पेशंटला हात लावायचा.”

आणि तिने त्याचे हात धुतले. तळवे, बोटांच्या मधल्या फटी, अंगठा गोल फिरवून, नखं तळव्यावर घासून, शेवटी मनगटं. दवाखान्यात भिंतीवर लावलेलं असतं ना, त्याच क्रमाने, एकही पायरी न गाळता. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं. तो एवढा मोठा नट शाळेतल्या पोरासारखा गप्प बसून राहिला. मागे चाळीस माणसं स्वच्छ कपड्यांत उभी होती, आणि मास्तर प्रत्येक पायरीला मान हलवत होते, फळ्यावरचं गणित बरोबर चाललंय अशी.

“कट” म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आईने त्याचे हात आपल्या निळ्या झग्याला पुसले तेव्हा कुठे दिग्दर्शकाच्या तोंडून ते आलं. बाराला पाच कमी होते. दुसऱ्यांदा घ्यायचं म्हणेपर्यंत पोलिसाने अडथळे बाजूला केले आणि हॉर्न वाजवत पहिली गाडी गल्लीत शिरली.

पुढचं काम अर्थातच मला मिळालं नाही. कंपनीने पुढचा सिनेमा दुसऱ्या शहरात हलवला आणि प्रमुख म्हणून आपल्याकडचंच कुणीतरी आणलं. मोठ्या बाईंचा निरोप आला, त्यात रागाचा शब्द नव्हता. मला वाईट वाटलं, फार वाटलं.  नंतर नाटकवाल्यांचे कपडे सांभाळायला लागले. तिथे कपडे मळतात ते आपोआप, घामाने.

वर्षाने सिनेमा आमच्या शहरात लागला. पहिल्या दिवशी, दुपारच्या खेळाला सगळी गल्ली गेली. मास्तर, शिंपीणकाकू, आई आणि मी एका रांगेत बसलो. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कात्री कंपनीच्या हातात होती. आईला कापून टाकलं असेल, किंवा त्याहून वाईट, दुसऱ्याच कुणाचे काळे हात आणून जोडले असतील.

पहिला पाऊण तास आम्ही धावलो आणि रडलो. मग पडद्यावर आमची गल्ली आली. लांबचा शॉट, जीप, मळकी गर्दी. मळ झकास झाला होता, खोटं का बोलू?  आणि मग कॅमेरा जवळ गेला, तर सगळे स्वच्छ. लांबून बघावं तर मळके, जवळ जावं तर कॉलरी ताठ. एवढी ढळढळीत चूक मी बावीस वर्षांत एकाही सिनेमात पाहिली नव्हती, आणि त्यांना ती ठेवावी लागली होती, कारण त्या दिवसाचं दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

मग हात आले. आईचा आवाज त्यांनी काढून टाकला होता आणि वर व्हायोलिनं घातली होती. पण हात कसे काढणार? भल्या मोठ्या पडद्यावर माझी आई त्यांच्या डॉक्टरचे हात धूत होती. तळवे, फटी, अंगठा, नखं. अकरा सेकंद, मी मोजले. शब्द ऐकू यायची गरजच पडली नाही. शिट्ट्या, टाळ्या, कुणी खुर्चीवर उभं राहिलं, आमच्या गल्लीशी काही संबंध नसलेल्या बायका डोळे पुसायला लागल्या. पडद्यावर डॉक्टर पुढच्या तंबूत शिरला होता, पण त्याच्याकडे लक्ष कुणाचं होतं? “परत,” कुणीतरी ओरडलं. मग दहा जण, मग सगळं थिएटर.

वरचा मशीनवाला आमच्या मागच्या गल्लीतला. त्याने सिनेमा थांबवला, मागे नेला आणि परत लावला. मग पुन्हा. मग आणखी एकदा. मी आईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ खाली येत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

तिसऱ्यांदा संपलं तशी ती मागे वळून लोकांना म्हणाली, “पुरे की आता. त्या बिचाऱ्याला पुढची माणसं वाचवायची आहेत.”

सगळे हसले आणि बसू लागले. पडद्यावर डॉक्टर पुन्हा तंबूकडे निघाला. चौथ्यांदा “परत” म्हणून जी ओरडली, ती मी.